हात पुन्हा पुन्हा बधिर होतात? ग्रिप बदलण्याआधी सीट आणि फोर्क तपासा

तक्रार साधारण अशी असते. अर्धा-पाऊण तास माउंटन बाइक चालवली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. हात झटकला की बरं वाटतं, थोड्या वेळाने पुन्हा मुंग्या. मग जेलचे ग्लव्हज येतात. काही दिवस बरे जातात आणि त्रास परत सुरू. मग जाड ग्रिप, मग दुसरं हँडल, मग रंग जुळावा म्हणून नवा स्टेम (हँडल धरून ठेवणारा आडवा तुकडा). सायकल दर खेपेला अधिक देखणी होते, हातांची रड मात्र तशीच.

दुखतं हाताला, पण बिघाड बहुतेक वेळा सीटवर असतो. शरीराचं वजन सीट, पेडल आणि हँडल या तीन ठिकाणी वाटलं जातं. सीटवर नीट टेकता आलं नाही की उरलेला भार मुकाट हातांवर येतो. हा त्रास जाऊन परत येतो त्यालाही कारण आहे. सीटपोस्टची (सीटखालच्या दांड्याची) उंची, सीटचा कल आणि पुढच्या फोर्कमधली (पुढचं चाक धरणाऱ्या, दबणाऱ्या काट्यामधली) हवा या तिन्ही गोष्टी कुणी पाना न लावताही हळूहळू बदलत राहतात. नवी ग्रिप बसवताना आपण सहसा सीटही सरळ करतो, टायर-फोर्कमध्ये हवा भरतो. गुण त्याने येतो, श्रेय ग्रिपला मिळतं. पुढे सीट सरकते, हवा उतरते आणि ग्रिपला शिव्या पडतात.

कोणतं बोट आणि कधी

करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू जात असेल तर दाब अल्नर नसेवर येतोय. ही नस मनगटापाशी तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने जाते आणि तिथे तिच्यावर फारसं आवरण नसतं. हँडलवर नेमकी हीच कड टेकते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर ती मीडियन नस. मनगट मागे मोडून ठेवणं आणि ग्रिप आवळून धरणं ही तिची नेहमीची कारणं. पंजा ठीक आहे पण खांदे आणि मान भरून येते, तर हँडल लांब किंवा खाली पडतंय असं धरून चाला.

बोटाइतकीच वेळ महत्त्वाची. सपाट रस्त्यावर बसून पेडल मारताना त्रास होत असेल तर आधी सीटकडे जा. उतारावर, उभं राहून चालवताना होत असेल तर ब्रेकच्या दांड्या, टायरची हवा आणि फोर्कचं रिबाउंड (दबल्यावर तो वर यायचा वेग) बघा. चढावर होत असेल तर सीटचं नाक वर आहे का आणि तुम्ही पुढे घसरताय का, ते पाहा.

एक चाचणी पान्याशिवाय होते. रहदारी नसलेल्या सपाट तुकड्यावर मध्यम जोराने पेडल मारत राहा आणि दोन्ही तळहात ग्रिपपासून जेमतेम बोटभर वर उचला. बोटं हँडलच्या जवळच असू द्या. क्षणभर तसंच बसता आलं तर सीटची जागा बरी आहे. हात उचलताक्षणी अंग पुढे कोसळत असेल किंवा सीटवरून पुढे घसरायला होत असेल, तर इतका वेळ हात तुम्हाला मागे ढकलून धरत होते. अशा सायकलवर कोणतीही ग्रिप लावा, फरक पडणार नाही. ही चाचणी पेडल मारतानाच करायची. पाय थांबले की भार तसाही पुढे जातो.

आधी खुणा, मग पाना

बदल करायच्या आधी आजची स्थिती टिपून ठेवा. चार मापं पुरतात. क्रँकच्या मध्यापासून (पेडलच्या दांड्या ज्याभोवती फिरतात त्या अक्षापासून) सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, सीटपोस्टच्या रेषेत. सीटच्या नाकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर. सीटचा कल. आणि स्टेमखाली किती मिलिमीटरचे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या कड्या) आहेत ते. कलासाठी सीटवर एक सरळ पट्टी किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवा आणि त्यावर पाणसळ किंवा फोनमधलं लेव्हल ॲप ठेवा. सायकल सपाट जमिनीवर उभी हवी. जमिनीची खात्री नसेल तर सायकल उलट्या तोंडाने त्याच जागी उभी करून परत मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या.

मग सीटपोस्टवर, तिला फ्रेममध्ये आवळणाऱ्या क्लँपच्या अगदी कडेला लागून, इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा द्या. सीटखालच्या दोन्ही रेल्सवर (सळयांवर), जिथे सीट धरणारा क्लँप सुरू होतो तिथे, मार्करने बारीक रेघ मारा. फोर्कच्या स्टँशनवर (आत-बाहेर सरकणाऱ्या चकचकीत नळीवर) रबराची रिंग नसेल तर पातळ झिप टाय सैलसर बांधा. हे दहा मिनिटांचं काम कंटाळवाणं वाटतं, पण काय सरकलं आणि किती, हे नंतर या खुणाच सांगतात. टेपचा वेढा क्लँपच्या वर राहण्याऐवजी क्लँपवर चुरगळून बसलेला दिसला तर पोस्ट खाली गेलीय. वाद संपला.

सीट

उंची. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ व्हायला हवा, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक येतो. २५ ते ३५ अंशांचा वाक ही बहुतेकांची सोयीची मर्यादा. आकड्याची हौस असेल तर जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची गुणिले ०.८८३ हे अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र आहे. उत्तर म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. ते रस्त्यावरच्या सायकलींसाठी रूढ झालं. माउंटन बाइकवर तिथून सुरुवात करा आणि गरज वाटली तर पाच-दहा मिलिमीटर खाली या.

उंचीचा हाताशी संबंध असा. सीट जास्त वर असली की पेडल गाठायला कंबर डावी-उजवी डोलते आणि तो डोल हातांनी सावरावा लागतो. आता पोस्ट सरकते खाली, वर नाही. मग हात का दुखतात? कारण पोस्ट खाली गेली की गुडघ्याची वाटी पुढून दुखते, आपण चिडून पोस्ट नजरेच्या अंदाजाने वर ओढतो आणि ती पहिल्यापेक्षा वर जाते. टेपची खूण नसली की हा खेळ चालूच राहतो.

पोस्ट सारखी खाली जात असेल तर क्लँप आणखी आवळत बसू नका. पोस्ट बाहेर काढा, फ्रेमची नळी आतून आणि पोस्ट बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, मग पोस्टचा व्यास मोजा. २७.२, ३०.९ आणि ३१.६ मिलिमीटर ही सर्रास दिसणारी मापं. पण ०.२ मिलिमीटरने कमी असलेली पोस्टही नळीत सहज शिरते आणि कितीही आवळली तरी घसरते. माप बरोबर असेल तर कार्बन पेस्ट लावा. तिच्यातल्या बारीक कणांमुळे पकड वाढते आणि बोल्ट कमी आवळून भागतं. ॲल्युमिनियमच्या पोस्टलाही ती चालते. फ्रेम आणि पोस्ट दोन्ही धातूचे असतील आणि पोस्ट घसरत नसेल, तर साधं ग्रीसच बरं. काहीच न लावता वर्षभर तशीच ठेवलेली पोस्ट गंजून फ्रेमला चिकटते आणि मग ती काढणं हा स्वतंत्र लेखाचा विषय होतो. कार्बनच्या पोस्टला किंवा फ्रेमला मात्र ग्रीस नको.

ड्रॉपर पोस्ट (बटण दाबून सीट वर-खाली करणारी) असेल तर आणखी दोन गोष्टी. क्लँप जास्त आवळला की ड्रॉपर अडखळत वर येतो. पूर्ण उंचीवर असताना बसल्यावर तो स्प्रिंगसारखा काही मिलिमीटर दबत असेल तर आतल्या कार्ट्रिजमध्ये हवा-तेलाची सरमिसळ झालीय. ती बाहेरून बोल्ट फिरवून सुटत नाही, सर्व्हिसच लागते.

कल. माझ्या मते हातांच्या निम्म्या तक्रारी इथे मिटतात. सीटचं नाक खाली असेल तर आपण सतत पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे रेटतो. बसताना हे कळतही नाही. कळतं ते तासाभराने, बोटं गेल्यावर. यात एक मेख आहे. नाक बऱ्याचदा मुद्दाम खाली केलेलं असतं, कारण आधी ते वर होतं आणि जांघेत दाब येत होता. दाब टाळायला सीट चार-पाच अंश झुकवली जाते, जांघेला आराम मिळतो आणि हातांची पाळी येते. आडव्या रेषेपासून सुरुवात करा आणि एकावेळी एकच अंश बदला.

मागेही सस्पेंशन असलेल्या सायकलवर हे माप फसवतं. तुम्ही बसलात की मागचा भाग पुढच्यापेक्षा जास्त दबतो. १४० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या (सस्पेंशन जास्तीत जास्त तेवढं दबू शकणाऱ्या) सायकलवर हा फरक वीसेक मिलिमीटर होऊ शकतो, म्हणजे रिकामी सायकल सपाट दाखवत असताना बसल्यावर नाक सुमारे एक अंश वर गेलेलं असतं. म्हणून अशा सायकलवर नाक एक-दोन अंश खाली ठेवणं योग्यच. मागे सस्पेंशन नसेल तर उलटं होतं. बसल्यावर फक्त पुढचा फोर्क दबतो आणि नाक आपणहून थोडं खाली जातं.

कल टिकत नसेल तर सीटखालचा क्लँप बघा. एका बोल्टच्या क्लँपमध्ये दात्यांच्या दोन वाट्या एकमेकींत अडकतात. एकदा त्या दगड-खड्ड्यांत सरकल्या की दात्यांची टोकं बोथट होतात. पुढे कितीही आवळा, जोराच्या हादऱ्याला सीट पुन्हा हलणारच. वाट्या काढून उजेडात धरा. दाते चकचकीत गोलसर दिसले तर क्लँप किंवा पोस्ट बदलण्याला पर्याय नाही. दोन बोल्टचा क्लँप सरस असतो, कारण पुढचा सैल करून मागचा आवळला की अर्धा-अर्धा अंश बदलता येतो. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा. कोरडा बोल्ट आवळल्यासारखा वाटतो, पण तेवढी पकड आलेली नसते. बसल्यावर येणारी कुरकुरही बऱ्याचदा याच साफसफाईत जाते. अनेकजण तिच्यासाठी आधी बॉटम ब्रॅकेट (क्रँकचं बेअरिंग) खोलतात, ते शेवटी ठेवा.

पुढे-मागे. क्रँक आडवे असताना पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडायचा. दोऱ्याला एखादा जड नट बांधला तरी चालतो. तो पेडलच्या अक्षाच्या आसपास पडला की सुरुवातीची जागा मिळाली. हा नियम काही शास्त्रवचन नाही. हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ओढू नये, एवढं लक्षात असू द्या. सीट पुढे गेली की कंबर पेडलच्या वर येते आणि वजन आणखी हातांवर जातं. लांब वाटणारं हँडल स्टेमने जवळ आणायचं.

रुंदी. खाली बसल्यावर टेकणारी दोन हाडं सीटच्या सपाट भागावर यायला हवीत. घरच्या घरी मापायला नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवून, किंचित पुढे वाकून त्यावर बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतात, त्यांच्या मध्यातलं अंतर मोजा. सीट त्यापेक्षा साधारण दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवी. मऊ, जाड गादीच्या सीटने हे काम होत नाही. हाडं गादीत बुडतात आणि मधला फुगीर भाग नको तिथे दाबतो.

फोर्कमधली हवा

हे कारण बहुतेकांना सुचतच नाही. १२० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या फोर्कला २० टक्के सॅग म्हणजे तुमच्या वजनाने तो २४ मिलिमीटर दबायला हवा. हवा उतरत जाऊन सॅग ३५ टक्क्यांवर गेला की तोच फोर्क ४२ मिलिमीटर दबतो. हँडल दीड सेंटिमीटरहून जास्त खाली येतं आणि सायकल पुढे कलल्यामुळे सीटचं नाकही जवळपास एक अंश झुकतं. म्हणजे सीटचा बोल्ट तुम्ही कितीही आवळून ठेवला तरी कल बदललेलाच! हे महिन्या-दीड महिन्यात इतक्या सावकाश होतं की जाणवत नाही.

सॅग मोजताना नेहमीचं सामान पाठीवर घ्या, हेल्मेट-बूट घाला. फोर्क लॉक असेल तर उघडा. भिंतीला कोपर टेकून दोन्ही पेडलवर उभे राहा, गुडघे आणि कोपरं सैल ठेवा, एक-दोनदा अलगद दाबा, स्थिर व्हा. कुणाकडून तरी रबराची रिंग खाली सरकवून घ्या आणि धक्का न देता उतरा. फोर्कच्या खालच्या जाड नळीच्या कडेपासून रिंग जिथे राहिली तिथपर्यंतचं अंतर भागिले एकूण ट्रॅव्हल. १५ ते २० टक्के पुढे आणि साध्या ट्रेल सायकलला २५ ते ३० टक्के मागे, ही सुरुवातीची मापं.

हवा तपासताना एक गैरसमज कायम होतो. शॉकचा पंप वाल्वला जोडला की फोर्कमधली थोडी हवा पंपाच्या नळीत आणि मीटरमध्ये शिरते. त्यामुळे काल ८० पीएसआय भरून पंप काढला आणि आज जोडल्यावर ७० किंवा ७५ दाखवलं, तर ती गळती असेलच असं नाही. पंप काढताना येणारा फुस्स आवाजही बहुतांशी नळीतल्या हवेचा असतो. गळती पकडायची असेल तर आकड्यावर जाऊ नका, सॅग मोजा. आठवड्याने तेच सामान घेऊन, त्याच पद्धतीने. सॅग वाढलेला दिसला तर वाल्वची आतली पिन घट्ट आहे का ते बघा, वाल्ववर साबणाचं पाणी सोडून बुडबुडे येतात का ते बघा. तिथे काही नसेल तर सील गेलंय. हवा भरताना मधेमधे फोर्क आठ-दहा वेळा पूर्ण दाबून सोडा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांमधला दाब सारखा होतो. हे टाळलं की पहिल्याच फेरीत फोर्क बुटका वाटतो.

उतारावर हात जात असतील तर रिबाउंडची लाल गुंडी बघा. फार वेगवान असेल तर प्रत्येक दगडानंतर हँडल तळहातावर आदळतं. फार संथ असेल तर एकापाठोपाठ एक हादऱ्यांत फोर्क वर यायच्या आत पुन्हा दबतो आणि हळूहळू खालीच बसून राहतो. दोन्हींचा त्रास हातालाच. मध्यावर ठेवून एकेक क्लिक बदला. आणि फोर्कचं खालचं तेल बदलायचं राहिलं असेल तर सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही. कोरडा फोर्क बारीक हादरे गिळतच नाही. कित्येक फोर्कना हे काम ५० तासांनी सांगितलेलं असतं आणि कित्येक सायकलींवर ते एकदाही झालेलं नसतं.

हँडल, स्टेम, ब्रेकच्या दांड्या

सीट आणि फोर्क जागेवर आल्याशिवाय इथे हात घालू नका. नाहीतर चुकीच्या बसण्याला साजेसं हँडल बसवून बसाल.

१९९०च्या दशकातल्या माउंटन बाइकवर ५६०-५८० मिलिमीटरचं अरुंद हँडल आणि १२० मिलिमीटर किंवा त्याहून लांब स्टेम असायचा. आता हँडल ७४० ते ८०० आणि स्टेम ३५ ते ६० मिलिमीटर. घोटाळा होतो तो मिश्रणाने. जुन्या फ्रेमवर नवं रुंद हँडल लावलं आणि लांब स्टेम तसाच ठेवला की अंग ताणलं जातं. रुंद हँडल पकडायला हात बाहेर जातात, खांदे पुढे येतात, वजन पंजावर. हँडल रुंद केलं की स्टेम थोडा आखूड करावा लागतो. घेण्याआधी क्लँपचा व्यास मोजा. ३१.८ आणि ३५ मिलिमीटर एकमेकांत बसत नाहीत, जुनी हँडलं २५.४ ची असतात.

हँडल रुंद वाटत असेल तर करवत काढण्याआधी ग्रिप आणि ब्रेक दोन्हीकडून वीस-वीस मिलिमीटर आत सरकवून चार दिवस चालवा. टोकं उघडी राहतील, ओंगळ दिसेल, त्यांना टोपण लावा आणि सोसा. कापलेलं हँडल परत वाढत नाही.

उंचीसाठीही तसंच. स्टेमखालचे स्पेसर काढून हँडल खाली बसवलं की सायकल वेगवान दिसते हे खरं. हातांसाठी ते वाईट. आधी एक स्पेसर खाली घाला. स्टेमला कल असेल तर तो उलटा करून पाहा. ६० मिलिमीटर लांबीचा, ६ अंशांचा स्टेम उलटा केला की हँडल साधारण १२ मिलिमीटर वर-खाली होतं, पदरचं काही न जाता. स्टिअरर (फोर्कची वर स्टेममध्ये जाणारी नळी) कापून टाकायची घाई कुणी सांगितली तरी करू नका.

स्टेम हलवला की हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग) परत बसवावा लागतो. स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल. वरच्या टोपीचा बोल्ट हळूहळू आवळा, खडखड गेली की थांबा. पुढचा ब्रेक दाबून, हेडसेटच्या फटीवर बोट ठेवून सायकल मागे-पुढे हलवा, बोटाला हालचाल जाणवता कामा नये. मग पुढचं चाक उचलून हँडल फिरवा, ते कुठेही न अडकता पडायला हवं. त्यानंतर स्टेम चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट आळीपाळीने आवळा, स्टेमवर छापलेल्या टॉर्कइतके. बहुतेकांवर ५ किंवा ६ न्यूटन मीटर असतं. वरच्या टोपीचं काम फक्त बेअरिंगवर दाब आणण्याचं आहे, स्टेम धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट. हँडल पकडणाऱ्या पुढच्या प्लेटची वरची आणि खालची फट सारखी हवी, कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर.

ब्रेकच्या दांड्या आडव्या रेषेपासून ३० ते ४५ अंश खाली. हात आणि पंजा एका रेषेत, मनगट मागे मोडलेलं नको. तीव्र उतारावर चालवणारे त्या थोड्या आडव्या ठेवतात, कारण उतारावर कंबर मागे आणि खाली जाते. दांडी ग्रिपच्या पार जवळ चिकटवलेली असेल तर तर्जनी दांडीच्या मध्यावर पडते आणि जास्त जोर लागतो. ब्रेक आत सरकवा, म्हणजे एकच बोट दांडीच्या टोकावरच्या वळणात बसेल. दांडीचं अंतरही जवळ आणा. बोट ताणून ब्रेक मारणाऱ्याचा उरलेला पंजा ग्रिप आवळतो, आणि मीडियन नसेची तक्रार तिथूनच येते.

ग्रिप आणि हवा

आता ग्रिप. लॉक-ऑन (बोल्टने आवळायच्या) ग्रिपच्या बाहेरच्या टोकाला धातूची कडी असते, करंगळीखालची कड नेमकी तिच्यावर टेकते. तळहाताच्या त्या जागी कातडी लाल होत असेल तर फक्त आतल्या बाजूला कडी असलेली ग्रिप घ्या. पंखासारखी पसरट ग्रिप अल्नरच्या त्रासाला खरंच उपयोगी आहे, पण पंख तळहाताच्या उताराला समांतर हवा. वर उचललेला पंख मनगट मोडतो. जाडी हाताच्या मापाने. फार जाड ग्रिप लहान पंजाला सतत आवळून धरावी लागते. ग्लव्हजचं जेलही तसंच, गादीची घडी नसेवर आली की उलटा परिणाम.

टायरचं थोडक्यात. २.३-२.४ इंचाच्या टायरला ४० पीएसआय भरून दगडांवर फिरायचं आणि हातांची तक्रार करायची, हे जमणार नाही. वजन, रिम आणि ट्यूबलेस आहे की नाही यावरून वीस ते तिशीच्या दरम्यान शोधा. पुढे मागच्यापेक्षा एक-दोन कमी. मोठ्या पंपाचं मीटर इतक्या कमी दाबाला भरवशाचं नसतं, वेगळा गेज घ्या.

एका वेळी एकच बदल, आणि दरवेळी तोच रस्ता. सीट, स्टेम आणि ग्रिप एकाच दिवशी बदलल्यावर गुण कशाचा आला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा दिवसभर राहत असेल, वस्तू हातातून निसटत असतील किंवा बोटांमधला जोर कमी झाला असेल, तर पाना खाली ठेवून डॉक्टरकडे जा.

मग देखणेपणाचं काय

सायकल छान दिसावी यात गैर काही नाही. मी एकच पथ्य सांगेन: सीट, हँडल, पेडल यांच्या जागा दिसण्यासाठी हलवायच्या नाहीत. बाकी सायकल मोकळी आहे.

फ्रेमवर जिथे केबल घासते तिथे पारदर्शक फिल्म लावा. केबल स्वतः रंग फारसा खरवडत नाही. तिच्याखाली अडकलेली धूळ पॉलिश पेपरसारखी काम करते. म्हणून फिल्म लावण्याआधी ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि फिल्म हेअर ड्रायरने जरा गरम करून वळणावर बसवायची. मॅट रंगावर गाडीचं पॉलिश चालवू नका, तेवढाच भाग तुळतुळीत होतो आणि तो डाग निघत नाही. रंगीत ॲनोडाइज्ड भागांवर तीव्र डीग्रीझर नको, रंग फिका पडतो. धुताना पाण्याचा जोरदार फवारा हब, हेडसेट आणि बॉटम ब्रॅकेटवर मारू नका. चकचकीत दिसावं म्हणून सिलिकॉनचा स्प्रे मारणार असाल तर तो फडक्यावर मारून मग फ्रेम पुसा. डिस्कवर एक थेंब गेला की ब्रेक गेला.

रंगीत बोल्ट छान दिसतात, बाटलीच्या स्टँडला खुशाल लावा. स्टेम आणि ब्रेक कॅलिपरला ॲल्युमिनियमचे बोल्ट मात्र नकोत. टायरवरचं नाव वाल्वच्या समोर आणणं ही फुकटची सुबकता आहे. शिवाय पंक्चर झाल्यावर ट्यूबमधलं छिद्र सापडलं की काटा टायरमध्ये कुठे असेल तेही कळतं.

हँडलसमोरच्या लोंबत्या होजेस (ब्रेकच्या तेलाच्या नळ्या) आखूड केल्या की सायकल सगळ्यात जास्त नीटनेटकी दिसते. हे काम अगदी शेवटी. हँडलची उंची, रुंदी आणि स्टेमची लांबी महिनाभर न बदलता टिकली की मगच कापा, कारण एक स्पेसर वाढवला तरी आखूड होज ताणली जाते. मापताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, टॉप ट्यूबला आपटेपर्यंत, आणि त्यानंतरही होजला थोडा सैल वाक राहू द्या. कापल्यावर आतली ऑलिव्ह आणि बार्ब (होजच्या टोकाचे छोटे जोड) नवी लागते आणि बहुधा ब्लीडही करावं (तेलातली हवा काढावी) लागतं. तेल ब्रेकच्या दांडीवर छापलेलंच वापरा. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, तर स्रॅमच्या बऱ्याच ब्रेक्सना डॉट. डॉटचं तेल रंग खातं, तेव्हा फ्रेमवर फडकं पांघरून मगच बाटली उघडा.